डिसेंबरचा खोका

खोका मी एकटीने उघडायला नको होता. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो आम्ही दोघी मिळून उघडतो, आई आणि मी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दुपारचा चहा झाल्यावर. चिकटपट्टी कापायचा मान आईचा. त्यासाठी ती बटाटे सोलायची सुरी आधी धुऊन, पुसून घेते, ऑपरेशनच करायचं असल्यासारखी. मग मी एकेक वस्तू बाहेर काढायची आणि ती काय आहे ते आईने ओळखायचं. वर्ष झालं हे चाललंय. मला पन्नासावं लागलं तेव्हा माझ्या मुलीने, किंगाने, तिकडे परदेशात बेर्गेनमध्ये बसून ही वर्गणी भरली. व्रोत्स्वाफ शहरातली कुठली तरी तरुण पोरं आहेत. ती लोकांचे पोटमाळे आणि रविवारचे जुने बाजार धुंडाळतात, आमच्या लहानपणची खेळणी, बिल्ले, चित्रं, डबे गोळा करतात आणि खोक्यात भरून घरोघर पाठवतात. आत काय आहे ते आधी सांगत नाहीत, त्यातच म्हणे गंमत. किंगा म्हणाली होती, "तू आणि आजी दिवसभर एकमेकींची तोंडं बघत बसता, निदान बोलायला काहीतरी विषय होईल." पोरगी फटकळ आहे, पण तिचं चुकलं नव्हतं. मार्चमध्ये चालताना पंख फडफडवणारं लाकडी बदक आलं, तेव्हा माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आई ते दोरीला बांधून बोळातून बाथरूमपर्यंत ओढत गेली आणि परत आली. जूनमध्ये गुणगुणणारा पत्र्याचा भोवरा आला. सप्टेंबरमध्ये परदेशी बिअरचे तीन रिकामे डबे आले. असले डबे आम्ही मुलं कचऱ्यातून उचलून आणायचो आणि आया ते धुऊन दिवाणखान्यातल्या कपाटावर ओळीने मांडायच्या, वर्षानुवर्षं, चांदीची भांडी मांडावीत तसे. ते तिन्ही डबे आता आमच्या कपाटावर आहेत. आईने कौतुकाने मांडलेत.

आज आई तळमजल्यावरच्या पार्लरमध्ये गेली होती. नाताळाआधी तिला केस कुरळे करून घ्यायचे असतात आणि बाईंनी दोनची वेळ दिली होती. चारपर्यंत येते म्हणाली. खोका सकाळीच आणून मी टेबलावर ठेवला होता, आणि मला धीर धरवला नाही. गेली एकोणतीस वर्षं मी पोस्टात खिडकीवर बसते. पार्सल हातात आलं की ते कानाशी धरून हलवायची मला खोडच लागलीय. कप आहे की पुस्तक आहे की औषधाच्या बाटल्या, मला नुसत्या आवाजावरून कळतं. हा खोका मी ट्रामच्या थांब्यापासून घरापर्यंत हलवत आणला होता. आत काहीतरी पत्र्याचं होतं, काहीतरी काचेचं होतं, आणि अगदी बारीक असं काहीतरी होतं, ज्याचा आवाज मला ओळखता येईना. म्हणून उघडला. आई यायच्या आत पुन्हा नीट चिकटवून ठेवू, तिला काय कळणार, असं म्हणत चिकटपट्टी वाफेवर धरून सोडवली. पोस्टातल्या माणसाला हे काही अवघड नाही. वरचा कागदाचा भुगा बाजूला केला, तर झाकण निघालेली एक पसरट पत्र्याची डबी होती. तिच्या तळाशी चांदीचा कागद पसरलेला, चॉकलेटवर असतो ना, तसला. त्याच्यावर दोन निळे मणी, एक सुकलेलं फूल, आणि बरोबर मधोमध एक रेझिस्टर. रेडिओतला असतो तो, बोटाच्या पेराएवढी नळी, दोन्हीकडून तारेचे पाय, अंगावर रंगीत पट्टे. पिवळा, जांभळा, तांबडा. आणि या सगळ्यावर हिरवट काचेचा तुकडा.

मी स्टुलावर बसले. पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की कोणाला तरी माहीत आहे. बेचाळीस वर्षांनी कोणाला तरी माहीत आहे आणि त्याने पत्ता शोधून हे पाठवलंय. मग मी एक अतिशय मूर्खपणाची गोष्ट केली. उठले आणि दाराला आतून साखळी लावली. आईकडे किल्ली होती, साखळीमुळे तिलाच आत येता येणार नव्हतं, पण ते तेव्हा डोक्यात आलं नाही. खिडकीशी जाऊन खाली बघितलं. अंगणात कोणी नव्हतं. गालिचे झटकायचा लोखंडी दांडा तेवढा होता, गंजलेला. हल्ली त्यावर कोणी गालिचा टाकत नाही आणि पोरंही लोंबकळत नाहीत. मी याच इमारतीत जन्मले, याच स्वयंपाकघरात मोठी झाले. हे वूच शहर सोडून मी कुठे गेले नाही आणि हे अंगणही मी सोडलं नाही. लग्न झालं तरी नवऱ्याला इथेच आणलं. तो नंतर निघून गेला, मी राहिले. लोक म्हणतात, आल्दोना आईसाठी राहिली. तसं म्हणतात तर म्हणोत. मी त्या दांड्यावर लक्ष ठेवायला राहिले.

दांड्याखालची माती मऊ होती. तिथे आम्ही मुली गुपितं पुरायचो. आमच्या वेळच्या सगळ्याच पोरी पुरायच्या. हातभर खड्डा नाही, नुसता वाटीएवढा. त्यात चांदी अंथरायची, तिच्यावर आपल्याकडे असेल ते सगळ्यात सुंदर मांडायचं, मणी, बटण, पाकळ्या, त्यावर काच ठेवायची आणि माती लोटायची. मग रोज जाऊन बोटाने एवढीशी माती सारायची आणि बघायचं. आतलं सगळं काचेखाली लखलख उजळून दिसायचं. गुपित आईला दाखवायचं नाही, बाबांना दाखवायचं नाही. एकाच मैत्रिणीला दाखवायचं, आणि तिने तिचं दाखवलं तर आपलं दाखवावंच लागायचं. तो नियम होता. आमच्या अंगणात तरी तो कोणी मोडल्याचं मला आठवत नाही.

मी सात वर्षांची होते. डिसेंबरात देशात लष्करी कायदा लागला होता, रस्त्यावर रणगाडे आले होते आणि टीव्हीवर बातम्या सांगणारे गणवेश घालून बसायला लागले होते. माझे बाबा, रोमन, टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. आमच्या घरात रेझिस्टरचा एक डबा असायचा, आणि त्या हिवाळ्यात दुकानातली माणसं, शेजारचे, चर्चमधले, कोण कोण येऊन त्यातला एकेक मागून न्यायचे आणि कोटाच्या कॉलरला आतल्या बाजूने टोचायचे. विद्युतप्रवाहाला विरोध करतो तो, आम्हीही करतो, एवढं सांगायला. मला ते काही कळत नव्हतं. मला त्यांचे रंग आवडायचे. मे महिन्यातल्या एका रविवारी झेनॉनमामा जेवायला आला. माझ्या आईचा हा धाकटा भाऊ. आजी लवकर गेली म्हणून आईनेच त्याला मोठं केलेलं. तो यंत्रांच्या कारखान्यात आराखडे काढायचा आणि त्याचं अक्षर इतकं बारीक आणि इतकं देखणं होतं की तो माझ्या वहीवर नाव घालून द्यायचा तेव्हा वर्गात सगळ्या ती वही मागून बघायच्या. त्या रविवारी त्याने बाबांना काहीतरी दिलं आणि बाबांनी ते रेझिस्टरच्या डब्याच्या तळाशी ठेवलं. दुपारी मोठी माणसं झोपल्यावर मी डबा उघडला. तळाशी सिगारेट वळायचा पातळ कागद होता, घडी केलेला, आणि त्यावर मामाच्या अक्षरात पाच ओळी. मला वाचता येत होतं. नावं होती आणि रस्ते होते. पण मी ती वाचली नाहीत, नुसती बघितली. एवढं सुंदर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी तो कागद घेतला आणि एक रेझिस्टर घेतला, पिवळा, जांभळा, तांबडा, आणि खाली जाऊन काचेखाली ठेवला, अक्षरं वर करून.

सोमवारी मारिओलाने मला तिचं गुपित दाखवलं. मारिओला दुसऱ्या मजल्यावरची. तिचे बाबा पोलिसात होते. जिन्यात ते दिसले की मोठी माणसं आवाज खाली करायची. आम्ही मुली कशाला करू? तिच्या खड्ड्यात गणवेशाचं पितळी बटण होतं, घासून घासून चकचकीत केलेलं. ते बघून मी जळून गेले, खोटं कशाला सांगू. मग मी माझं दाखवलं. ती किती तरी वेळ वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, किती छान अक्षर आहे, कोणाचं?" आणि मी छाती फुगवून सांगितलं, माझ्या मामाचं. मंगळवारी मी माती सारली तर काच फुटलेली आणि खाली काही नव्हतं. त्याच संध्याकाळी मी पलंगावर असताना बाबा आईला दबक्या आवाजात म्हणाले, "कागद डब्यात नाही." आई म्हणाली, "कोणाला माहीत होतं?" बाबा म्हणाले, "मला, तुला आणि झेनॉनला." मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. मला तेव्हा एवढीच भीती वाटली की विचारल्याशिवाय डब्याला हात लावला म्हणून मार बसेल. खरं सांगते, एवढीच. त्या भीतीने मी तोंड मिटलं. गुरुवारी पहाटे माणसं आली आणि बाबांना घेऊन गेली. कागदावरच्या बाकीच्या चौघांनाही त्याच पहाटे उचललं. त्याच्या आठवडाभर आधी झेनॉनमामाला चौकशीला नेऊन दोन तासांत सोडलं होतं. आईने हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितलं. कोणीही बघितलं असतं.

त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी बाबा तुरुंगात होते. आईने मी, ती आणि म्हातारी मावशी अशा तिघींची ताटं मांडली आणि चौथं रिकामं, वाट चुकून कोणी आलं तर त्याच्यासाठी. ते सगळ्याच घरांत मांडतात. पहिला तारा दिसल्यावर आम्ही प्रसादाची पातळ पोळी मोडणार तेवढ्यात दार वाजलं. मामा होता. डोक्यावर बर्फ, हातात कागदात गुंडाळलेला मासा. "स्तेफा," तो म्हणाला, "मी नाही ते. पोरीची शपथ." म्हणजे माझी. आई दारातच उभी राहिली. म्हणाली, "इथे सगळी माणसं आलेली आहेत." आणि दार लावलं. ती परत येऊन बसली, आम्ही पोळी मोडली, एकमेकींना शुभेच्छा दिल्या, बीटचं सार वाढलं. मी त्या रिकाम्या ताटाकडे बघत बसले. आईला वाटलं मी बाबांसाठी रडतेय, तिने मला जवळ घेतलं. मी काही बोलले असते तर तेव्हाच. पण तिच्या कुशीत किती बरं वाटत होतं.

बाबा पुढच्या वर्षी सुटले ते खोकला घेऊन आले, आणि पंचाऐंशीच्या फेब्रुवारीत गेले. ते अधूनमधून म्हणायचे, "झेनॉन असं करणार नाही, स्तेफा, सोड ना आता." आई म्हणायची, "तू सोड. फुप्फुसं तुझी आहेत, तुला हक्क आहे. मला नाही." अंत्यविधीला मामा आला नाही, म्हणजे फाटकाच्या आत आला नाही, रस्त्याच्या पलीकडे फुलवाल्या बाईपाशी टोपी हातात घेऊन उभा होता. कारखान्यात त्याच्या टेबलाशी जेवायला कोणी बसेना, तेव्हा तो बायकोला घेऊन पाब्यानित्सेला राहायला गेला. ट्रामने तासाभरावर, पण आमच्या घरात ते नाव कोणी काढायचं नाही. पुढे कम्युनिस्टांचं राज्य गेल्यावर त्याने दोनदा पत्रं पाठवली. आईने दोन्ही न उघडता परत केली. मी तेव्हा पोस्टात नवीन लागले होते. दुसरं पत्र परत पाठवायचा शिक्का मीच मारला. पाकिटावरचं अक्षर अजून तसंच होतं.

चहाचं पाणी उकळून आटून गेलं होतं. गॅस बंद केला आणि मी खोक्यातला भुगा सगळा टेबलावर उलथा केला. तेव्हा खाली छापील पत्रक सापडलं. तो हिवाळा आठवतो का, असं वर ठळक अक्षरात. डिसेंबरचा विशेष खोका. एक रेशनकार्ड, लहान मुलांच्या चॉकलेटचं. दुधाच्या बाटलीचं पत्र्याचं बूच. मुलींसाठी गुपिताचा संच: चांदी, मणी, फूल, काच. आणि रेझिस्टर, कॉलरला टोचायचा, स्वतंत्र पुठ्ठ्यावर. पुठ्ठाही सापडला, रिकामा, दोन बारीक भोकं असलेला. माझ्याच हलवण्याने रेझिस्टर पुठ्ठ्यातून निसटला होता आणि माझ्याच हलवण्याने डबीचं झाकण उडालं होतं. काच मात्र वर कशी बसली ते मला अजून कळत नाही, पण बसली. कोणाला काही माहीत नव्हतं. असले हजारभर खोके देशभर गेले असतील आणि हजार बायका आत्ता नाक पुसत फोटो काढत असतील. मी हसायला गेले. हसू आलं नाही. भीती कमी व्हायला हवी होती, ती वाढली. कोणाला तरी माहीत आहे असं वाटलं तेव्हा पाच मिनिटं मला कुठेतरी सुटल्यासारखं झालं होतं, ते आता कळलं. आता पुन्हा ते मला एकटीला माहीत.

एकटीला म्हणजे मी आणि एक झेरॉक्स. बाबांच्या नावाची गुप्त पोलिसांकडची जुनी फाइल वारसांना बघायला मिळते असं कळल्यावर दोन हजार सहा साली मी आईला न सांगता अर्ज केला होता. वाचनालयासारखी खोली, फक्त पेन्सिल न्यायची, समोर एक बाई बसलेली. चाळीसेक पानं होती. सव्विसाव्या पानावर टाइप केलेलं होतं: कागद क्रमांक चार, अंगणातील मुलांच्या खेळातून हाती आला; स्रोताला संरक्षण देण्याची गरज नाही. आणि त्याच पानावर खाली, झेनॉन अमुकतमुक, चौकशी केली, सहकार्यास नकार, उपयोगाचा नाही. मी त्या पानाची प्रत घेतली. समोरच्या बाईने विचारलं, "पाणी देऊ का?" मी नको म्हटलं. घरी जाताना ट्राममध्ये ठरवलं, आजच सांगते. घरी आले तर आई खिडक्या पुसत होती. म्हटलं, उद्या. ते पान माझ्या पोस्टातल्या खणात कुलूप लावून आहे, अठरा वर्षं. एका माणसाचा सगळा निर्दोषपणा माझ्या खणात, चहाच्या पिशव्या आणि हातमोज्यांच्या खाली. सात वर्षांच्या पोरीला कोण काय म्हणेल? तिला मी केव्हाच माफ केलंय. पण बत्तीस वर्षांच्या बाईला काय सांगू? तिला कोणी मारणार नव्हतं. तिला फक्त एवढीच भीती होती की आई आपल्याकडे दुसऱ्या नजरेने बघेल. आणि मामा तिकडे पंचाहत्तरीचा झालाय, बायको गेलीय, गुडघे गेलेत, हे सगळं मला माहीत आहे, कारण मी विचारत राहते. आईला गेल्या वर्षी झटका येऊन गेला. दोघांतलं एक जरी गेलं तरी मग सांगून उपयोग नाही. आणि मला हे बोलायला लाज वाटते, पण अधूनमधून मी त्याचीच वाट बघते.

दार किल्लीने उघडलं आणि साखळीला अडकलं. "आल्दोन्का," आई बाहेरून म्हणाली, "साखळी कशाला लावलीस? मला चोर समजलीस का?" मी धावत जाऊन साखळी काढली. तिचे केस घट्ट कुरळे झाले होते आणि औषधाचा वास येत होता. "बघ कशी दिसतेय, मेंढी केलीय तिने माझी," असं म्हणत ती कोट न काढता आत आली आणि टेबलापाशी थांबली. सगळा पसारा तसाच होता. लपवायला मला दोन तास होते आणि मी एक मणीसुद्धा हलवला नव्हता.

"माझ्याशिवाय उघडलास," ती म्हणाली. रागावली नाही, तिला वाईट वाटलं. मग तिने काच उचलून बाजूला ठेवली आणि रेझिस्टर चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात नेला. "थांब, ओळखते. पिवळा, जांभळा, तांबडा. चार हजार सातशे. तुझ्या बाबांनी मला पाठ करून घेतले होते सगळे रंग, भांडी घासताना विचारायचे." तिने तो उलटा करून बघितला. "कोण कोण लावून फिरायचं तेव्हा. झेनॉनसुद्धा. तोही कॉलरला लावून आला होता त्या रविवारी, इथे बसून जेवला, माझ्या हातचं. काय छाती म्हणावी एकेकाची."

बेचाळीस वर्षांत हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल. दर वेळी मी उठून ताटं गोळा करते. आज ताटं नव्हती. मी ओट्याला टेकले होते, आणि मी ऐकलं की मी बोलतेय. "आई, कागद मी घेतला होता." ती वळली नाही. मी सांगत गेले. डबा, काच, मारिओला, पितळी बटण, पांघरूण. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून थांबले नाही. फाइलचं सांगितलं, सव्विसावं पान सांगितलं, शब्दन् शब्द, ते मला पाठ आहे. संपलं तेव्हा आई अजून खिडकीशीच उभी होती, कोटात, आणि तिचा हात चिमटीसकट तसाच उजेडात धरलेला होता. मला वाटलं पुन्हा झटका आला. मी पुढे झाले तर तिने दुसरा हात वर करून मला थांबवलं.

"फाइल कधी बघितलीस म्हणालीस?"

"दोन हजार सहा."

"तेव्हा किंगा किती वर्षांची होती?"

"सात," मी म्हणाले.

आईने मान हलवली. मग कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर नीट घातला, खाली बसली. "सात वर्षांच्या पोराला काय कळतं ते तुझ्या डोळ्यांसमोर होतं," ती म्हणाली, "घरात फिरत होतं. एवढं तरी दिसलं असतं की मी लहान पोराला काही म्हणणार नाही." मी म्हटलं, "मला भीती वाटली." "कसली?" "तुझी." तिने माझ्याकडे बघितलं. ज्या नजरेची मला आयुष्यभर धास्ती होती ती हीच असावी. तिच्यात राग नव्हता, नुसता अनोळखीपणा होता, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईकडे बघावं तसा. "मी त्याला दारातून घालवला," ती म्हणाली. "लहानपणी त्याला गोवर झाला तेव्हा मी त्याच्या उशाशी सहा दिवस बसले होते. आणि मी त्याला दारातून घालवला, मासा घेऊन आला होता." तिचा आवाज चढला नाही. ती रडलीही नाही. रडली असती तर मला तिच्याजवळ जाता आलं असतं.

मग ती म्हणाली, "नंबर आहे त्याचा?"

होता. दर वेळी नवीन फोन घेतला की त्यात उतरवून घ्यायचे, लावला एकदाही नव्हता. मी लावला आणि तिच्या हातात दिला. पलीकडची घंटी मलाही ऐकू येत होती, सात वेळा, आठ वेळा. मी मनातल्या मनात म्हणत होते, घरी नसू दे, देवा, आजचा दिवस घरी नसू दे. नवव्यांदा उचलला. आई म्हणाली, "झेनॉन, स्तेफा बोलतेय." मग म्हाताऱ्या माणसाचा जाड आवाज आला, मलाही स्पष्ट ऐकू आला. त्याने विचारलं, "कोण गेलं?"

आईने डोळे मिटले. "कोणी नाही," ती म्हणाली. "सगळी आहोत. आल्दोनाला तुझ्याशी बोलायचंय." आणि तिने फोन माझ्यापुढे धरला. मी मान हलवली, नको, तू सांग, आई, तू सांग. तिने हात मागे घेतला नाही. मी पन्नास वर्षांची बाई, भिंतीला पाठ लावून उभी होते आणि मला मागे सरकायला जागा नव्हती. फोन घेतला. तो कानाला लावला तर आत श्वास ऐकू येत होता, घरघरता, घाई नसलेला.

"मामा," मी म्हणाले, "तो तू नव्हतास."

"ते मला ठाऊक आहे, पोरी," मामा म्हणाला. "पुढे बोल."